‘साहेब मागून येतायत’ : एकटीच्या कॅम्पर प्रवासातली एक रात्र

पार्श्वभूमी

बाई लातूरच्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, वय साठीच्या आसपास, घरी एकट्या. त्यांना इथे आपण बाईच म्हणू. गावाचं नाव लिहीत नाही आणि ओळख पटेल अशा काही खुणा बदलल्या आहेत. बाकीचं सगळं बाईंकडून, त्या गावच्या पोलीस पाटलांकडून आणि नंतर गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडून ऐकून जुळवलं आहे. तिघांच्या सांगण्यात वेळेचा फरक पडतो. जिथे पडला तिथे बाईंच्या फोनमधल्या कॉलची वेळ धरली आहे.

गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. मागच्या सीट काढून पलंग, शेजारी ओटा, पाच किलोचा सिलिंडर, छतावर सोलर पॅनल, खाली बॅटरी आणि इन्व्हर्टर. हा बदल आरटीओकडून रीतसर नोंदवून घेतलेला. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार तो नोंदवावाच लागतो आणि न नोंदवलेल्या बदलावरून विम्याच्या दाव्यात वाद होऊ शकतो. कागदांच्या बाबतीत बाई पक्क्या होत्या. राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आणलं असलं, तरी मराठवाड्यातल्या आडरस्त्यांवर अशी गाडी अजूनही नवलाचीच. पडदे लावलेली पांढरी गाडी रानात उभी दिसली, तर बघणाऱ्याच्या मनात ‘पर्यटक’ हा शब्द आधी येत नाही.

बाईंनी तयारी केली होती ती बहुतेक परदेशी व्हिडिओ बघून. त्यातल्या एकटीने फिरणाऱ्या बायका तीन गोष्टी सांगतात: गाडी नजरेआड लावा, आत उजेड दिसू देऊ नका, आणि कुणी विचारलं तर सोबत माणूस आहे असं भासवा. जिथे मैलोनमैल मोकळी सरकारी जमीन पडलेली असते, तिथे हे चालत असेल. आपल्याकडे ज्याला ओसाड म्हणावं अशा गायरानातसुद्धा कुणाची तरी शेळी, कुणाची तरी पाण्याची मोटार आणि कुणाचा तरी डोळा असतोच.

प्रवासाचा बेत लातूर, तेर, कळंब, अंबाजोगाई, परळी आणि पुढे औंढा नागनाथ असा होता. दसरा होऊन गेला होता, दिवाळीला अवकाश होता.

संध्याकाळचा निर्णय

पहिला मुक्काम अंबाजोगाईला, योगेश्वरीच्या देवळाच्या आसपास ठरला होता. पण तेरला गोरोबाकाकांची समाधी, त्रिविक्रमाचं मंदिर आणि तिथलं वस्तुसंग्रहालय यात दिवस गेला. कळंब ओलांडेपर्यंत पाच वाजून गेले होते. सहाच्या सुमारास दिवस मावळतो. अंबाजोगाई अजून तासा-दीड तासावर.

बाईंचा एक नियम होता: अंधारात गाडी चालवायची नाही. त्या दिवसांत तर नाहीच, कारण सोयाबीनची काढणी जोरात होती. संध्याकाळी रस्त्यावर मळणीयंत्रं ओढणारे ट्रॅक्टर आणि मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशा भरलेल्या ट्रॉल्या असतात. दिवाळीनंतर उसाच्या जोडट्रॉल्या सुरू झाल्या की याहून वाईट. नियम मला पटतो. पण तो पाळायचा तर रात्रीची जागा चार वाजताच पक्की झालेली हवी. पाच वाजता नियम पाळायला निघालं, की मिळेल ती जागा गोड मानून घ्यावी लागते.

बाईंना मिळाली ती जागा मांजरा धरणाच्या फुगवट्याकाठी. डांबरी सोडून एका पाणंद रस्त्याने अर्धा किलोमीटर आत, बाभळींच्या आड, पाण्याच्या अलीकडे मोकळं रान. वर वाळलेला पापुद्रा, त्यावर गवत. गाडी आरामात गेली. सूर्यास्त दिसावा म्हणून त्यांनी गाडीचं तोंड पाण्याकडे केलं.

ज्यांना मराठवाड्याची काळी जमीन माहीत आहे, त्यांच्या ध्यानात येईल की रात्रीचं निम्मं प्रकरण इथेच ठरलं. ही चिकणमाती वाळली की भेगाळते आणि दगडासारखी लागते. पाणी पडलं की फुगते आणि टायरच्या नक्षीत असा गच्च बसते, की टायर गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतो. शेतकरी वाफसा आल्याशिवाय, म्हणजे ओल ओसरून जमीन कामाजोगी झाल्याशिवाय, ट्रॅक्टरदेखील रानात घालत नाही. साधारण तीन टनांची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी तिथे पावसाळी हवेत उभी करणं म्हणजे एका सरीवर डाव लावणं. तेवढ्याच अंतरावर, पाणंदीच्या तोंडाशी मुरमाड उंचवटा होता. बाईंनी तो बघितलाही. रस्त्यावरून गाडी दिसेल म्हणून सोडून दिला.

शेळ्या घेऊन परतणारा एक मुलगा थांबला. “मावशी, गाडी बंद पडली का?”

“नाही रे, थांबलेय जरा.”

“एकट्याच हाव का?”

“साहेब मागून येतायत दुसऱ्या गाडीने.”

मुलगा गेला. बाईंनी सात वाजता भाचीला लोकेशन पाठवलं, खिचडी केली आणि पडदे ओढले.

अडचण

साडेआठला उत्तरेला वीज चमकायला लागली. बाईंच्या फोनमध्ये दामिनी ॲप होतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं हे ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. इशारा आलाही. त्यांच्यापुढे दोन मार्ग होते: पाऊस यायच्या आत गाडी काढून डांबरीवर न्यायची, नाहीतर आतच बसून राहायचं. विजांच्या वेळी पत्र्याच्या बंद गाडीत बसणं झाडाखाली थांबण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित, एवढं त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या बसून राहिल्या. विजेपुरता तो निर्णय बरोबरच होता. पण इशारा आणि पहिला थेंब यांच्यात वीसेक मिनिटं होती आणि गाडी मुरमावर न्यायला पाच पुरली असती. बाईंनी ॲपला विजेबद्दल विचारलं, जमिनीबद्दल कुणालाच विचारलं नाही.

पाऊस तासभर पडला. थांबल्यावर त्यांनी गाडी मागे घ्यायचा प्रयत्न केला. मागची चाकं फिरली, बुडाली, पुन्हा फिरली, आणि मागच्या चाकांमधला डिफरन्शियलचा गोळा चिखलाला टेकला. इंजिनाचा तो घरघराट रात्रीच्या शांततेत गावापर्यंत गेला.

आता गावाच्या बाजूने बघू. काढलेल्या सोयाबीनच्या गंज्या रानात उभ्या होत्या. अशा दिवसांत माणसं राखणीला आखाड्यावरच, म्हणजे शेतातल्या खोपटावरच झोपतात, कारण रातोरात गंजी नाहीशी होण्याचे प्रकार घडतात. फुगवट्याच्या काठाला मोटारी बसवलेल्या असतात. मोटार, केबल, स्टार्टर चोरीला जाणं ही तर बारमाही तक्रार. शेळ्या पळवणारे गाडी घेऊनच येतात. त्यात २०२४च्या पावसाळ्यात बीड-जालन्याकडच्या गावांमध्ये रात्री ड्रोन दिसल्याच्या चर्चेने जी गस्तीची सवय लागली, ती पुरती गेलेली नव्हती. संध्याकाळी शेळ्यावाल्या पोराने घरी सांगितलं होतं की तळ्याला एक बंद गाडी आहे, आत एक बाई आहे आणि साहेब मागून दुसरी गाडी घेऊन येणार आहे. रात्री अकराला त्याच दिशेने इंजिन जोरजोरात रेस झाल्याचा आवाज आला. दुसरी गाडी आली आणि माल भरतायत, असा अर्थ गावाने काढला. मी त्या गावात असतो तर मीही तोच काढला असता.

कुणीतरी गाडीचा फोटो ‘चोरांची गाडी, सावध राहा’ म्हणून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तो फोटो संध्याकाळचा, नंबरप्लेट स्वच्छ दिसणारा.

११ वाजून ४० मिनिटांनी बाईंना बॅटऱ्यांचे झोत दिसले. पंधरा-वीस माणसं, काहींच्या हातात काठ्या.

समोरचे पर्याय

हा प्रसंग हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारलं, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. बाईंनाही नेमकं तेच आठवलं.

पळून जाणं शक्य नव्हतं, गाडी रुतली होती. खरं तर नसती रुतली तरी तो पर्याय वाईटच होता. पळणारी गाडी म्हणजे चोराची गाडी, आणि अंधारात, चिखलात, माणसांच्या गर्दीतून ती काढताना कुणी चाकाखाली आलं असतं तर पुढचं बोलायलाच नको.

दुसरा पर्याय दिवे बंद ठेवून गप्प बसायचं आणि पोलिसांची वाट बघायची. व्हिडिओंनी हेच शिकवलेलं. यात अडचण अशी, की बाहेरच्यांना आत कोण आणि किती जण आहेत ते कळत नाही. न कळण्यातून दगड येतो.

हॉर्न वाजवत राहिलं असतं तर आणखी माणसं जमली असती आणि आवाजात बोलणं बुडालं असतं. दार उघडून सरळ बाहेर जायचं, हाही एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. “शाळेत तीस वर्षं दंगा शांत केलाय, म्हटलं हाही करू,” त्या म्हणाल्या. पण वर्गातल्या पोरांना बाई कोण ते माहीत असतं, इथे माहीत नव्हतं.

राहिलं ते मधलं: दारं बंद ठेवायची, पण स्वतःला दिसू द्यायचं आणि आपण आधी बोलायचं.

काय केलं

आधी ११२ला फोन. रेंजची एकच कांडी होती, पण लागला. समोरून विचारलं, गाव कुठलं? बाईंना गावाचं नाव येत नव्हतं. कळंबहून केजकडे येताना डावीकडे की उजवीकडे, यातही गोंधळ झाला. शेवटी त्यांनी नकाशा उघडून अक्षांश-रेखांशाचे आकडे वाचून दाखवले. यात तीन-चार मिनिटं गेली, आणि तोवर माणसं गाडीपाशी आली होती. ११२च्या यंत्रणेला फोन करणाऱ्याची जागा अंदाजाने कळते, पण विरळ टॉवर असलेल्या रानात त्या अंदाजाचं वर्तुळ फार मोठं असू शकतं. गावाचं नाव सांगता आलं तर सगळंच सोपं होतं.

मग त्यांनी आतले सगळे दिवे लावले आणि पुढचा पडदा बाजूला केला. ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसल्या. पांढरे केस, अंगात स्वेटर, गळ्यात चष्म्याची दोरी. काच चार बोटं खाली घेतली. बाहेरून आवाज आला, “कोण हाय आत? खाली उतरा आधी!”

“मी लातूरची. शाळेत बाई होते. गाडी चिखलात रुतलीय. पोलिसांना फोन केलाय, ते निघालेत. तुमच्या गावचे पोलीस पाटील कोण? त्यांना बोलवा, मी त्यांच्याशी बोलते.”

पोलीस पाटलांच्या म्हणण्याप्रमाणे या शेवटच्या दोन वाक्यांनी काम केलं. चोर पोलीस पाटलाला बोलवा म्हणत नाही, असा सरळ हिशेब. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली नेमलेला हा माणूस गावातलाच असतो आणि पोलीस ठाण्याशी त्याचा रोजचा संबंध असतो. त्याचं नाव घेतलं की जमावातल्या चार शहाण्या माणसांना जमावापासून वेगळं व्हायला निमित्त मिळतं. इथेही दोघं जण फोन लावत बाजूला गेले.

पण एका तरुणाने विचारलं, “आणि ते साहेब? दुसरी गाडी कुठंय?”

या घटकेला बाईंना खोटं पुढे रेटता आलं असतं. साहेब पोचतच असतील, असं म्हणता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. “साहेब नाहीत. एकटी आहे म्हणून त्या पोराला खोटं सांगितलं. भीती वाटली.”

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग मागून एक म्हातारे बाबा म्हणाले, “मग इथं आडाला कामून लावली गाडी? गावात लावायची की.”

तरी ‘गाडी उघडून दाखवा’ची मागणी राहिलीच. दोन जण मागच्या दाराशी जाऊन हँडल ओढून बघत होते. बाई ठाम राहिल्या: “दाखवते. पोलीस पाटील येऊ द्या आणि गावातल्या दोन बायका येऊ द्या. त्यांना आत घेऊन सगळं दाखवते.” मागणी धुडकावली नाही आणि लगेच मानलीही नाही. या संबंध प्रकरणात मला सगळ्यात जास्त आवडलेला निर्णय हाच. झडती नाकारली असती तर संशय वाढला असता; रात्री बारा वाजता अनोळखी पुरुषांना आत घेतलं असतं तर आपल्याच गाडीतला ताबा गेला असता.

वीस मिनिटांत पोलीस पाटील आले, सोबत गावच्या आशाताई आणि पाटलांच्या वहिनी. दोघी आत चढल्या. पलंग, डबे, औषधांची पिशवी, पुस्तकं, आणि पलंगाखाली चोरीच्या मोटारीऐवजी दिवाळीच्या चकलीची भाजणी. वहिनींनी बाहेर तोंड काढून काय ते सांगितलं, आणि गर्दी निम्मी झाली.

पोलिसांची गाडी त्यानंतर अर्ध्या तासाने डांबरीवर पोचली, आत येऊ शकली नाही. हवालदार चालत आले, बाईंचे कागद पाहिले, ठाण्यात नोंद करतो म्हणाले. काही तरुण ट्रॅक्टर आणून तेव्हाच गाडी ओढायला तयार होते. पोलीस पाटलांनी थांबवलं: “वाफसा नाही, ट्रॅक्टरबी बसंल. सकाळी बघू.”

मग शेवटचा प्रश्न. रात्र गाडीतच काढायची की आशाताईंच्या घरी जायचं? गाडी म्हणजे घर, ती सोडून अनोळखी घरात जायला मन धजत नव्हतं. पण फुगवट्याचं पाणी शंभर पावलांवर होतं, वरच्या अंगाला किती पाऊस झाला ते ठाऊक नव्हतं. त्यांनी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, बॅटरीचा मेन स्विच पाडला, कागद, औषधं आणि फोन घेतला, पोलीस पाटलांचा आणि आशाताईंचा नंबर भाचीला पाठवला, हवालदारांसमोर गाडीला कुलूप लावलं आणि गेल्या. भाचीला नंबर पाठवणं आणि हवालदारांसमोर निघणं या दोन गोष्टींमुळे त्या कुठे आणि कुणाबरोबर आहेत, हे तिऱ्हाइताला माहीत राहिलं.

परिणाम

कुणाला इजा झाली नाही. आशाताईंच्या घरी पिठलं-भाकरी मिळाली. सकाळी अकराच्या उन्हानंतर ट्रॅक्टरने गाडी ओढली. पैसे घेईनात म्हणून बाईंनी डिझेलचे म्हणून जबरदस्तीने दिले.

इथे प्रकरण संपायला हवं होतं, पण त्याला दोन शेपट्या फुटल्या.

पहिली यांत्रिक. गाडीचं तोंड पाण्याकडे असल्यामुळे ती मागूनच ओढावी लागली. ओढायचा हुक पुढे. मागे साखळी अडकवायला नीट जागा नव्हती, म्हणून पोरांनी ती मागच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या हँगरला बांधली. ओढताना साखळी सायलेन्सरवर दाबली गेली आणि जोड सैल झाला. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. अंबाजोगाईपर्यंत बाईंचं डोकं जड झालं होतं, मळमळत होतं. त्यांनी ते जागरणावर ढकललं. मिस्त्रीने गाडी वर घेतली तर जोडाभोवती काजळी, आणि त्याच्या बरोबर वर गाडीच्या तळाला असलेलं गॅससाठीचं झरोक्याचं भोक.

हे भोक मुद्दाम असतं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला तर तळाशी साचतो, म्हणून तळाला वाट ठेवतात. जाळीतून किडे येतात म्हणून बाईंनी त्यात जुन्या लुगड्याची चिंधी कोंबली होती. म्हणजे रात्रभर गॅस गळाला असता तर तो बाहेर गेला नसता. आणि सकाळी ओढताना ती चिंधी कधीतरी पडल्यावर त्याच वाटेने धूर आत येत होता. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असला तरी काचा लावलेल्या गाडीत तो धूर घेत तासभर बसणं वाईटच. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि एलपीजीला मुद्दाम घातलेला वास असतो तसा इशाराही नाही. बाईंच्या गाडीत गॅसचा अलार्म होता, पण तो एलपीजीचा, आणि बसवला होता ओट्याच्या वर, डोक्याच्या उंचीला. एलपीजीचा अलार्म जमिनीपासून वीतभरावर हवा. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो झोपण्याच्या जागेजवळ लावतात. माणसांच्या भीतीने काचा-पडदे बंद करणाऱ्या प्रवाशाने या दोन यंत्रांकडे कुलपाआधी बघावं, असं माझं मत.

दुसरी शेपटी त्या फोटोची. तो गावच्या ग्रुपवरून शेजारच्या गावांत, तिथून पुढच्या तालुक्यात गेला. पोलीस पाटलांनी आणि सरपंचांनी ‘गाडी निवृत्त शिक्षिकेची आहे, गैरसमज झाला’ असा मजकूर त्याच ग्रुपवर टाकला. पण खुलासा पहिल्या मेसेजइतका फिरत नाही. परळीच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर दोघांनी बाईंना थांबवलं आणि फोनमधला फोटो दाखवून विचारलं, ही तुमचीच गाडी का? तेव्हा उपयोगी पडला तो हवालदारांचा नंबर. बाईंनी तो निघण्याआधी मागून घेतला होता, ठाण्यात नोंद झाल्याची खातरीही करून घेतली होती. एका फोनवर काम भागलं. औंढ्याला न जाता त्या परळीहून लातूरला परतल्या.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती जागेची होती. कळंबलाच थांबून पेट्रोल पंपाच्या मॅनेजरला विचारता आलं असतं. तिथे रात्रभर उजेड असतो, कॅमेरा असतो, संडास असतो. गावात वळून ग्रामपंचायत, देऊळ किंवा शाळेच्या आवाराबद्दल विचारता आलं असतं. अगदी तळ्याकाठचाच हट्ट असेल, तर मुरमाड उंचवट्यावर, गाडीचं तोंड रस्त्याकडे करून. सूर्यास्त खुर्ची टाकूनही बघता येतो.

त्याआधी पोलीस पाटलांना एक फोन. नंबर कुणाकडूनही मिळतो; टपरीवाल्याकडे असतो. “अमुक ठिकाणी रात्री गाडी लावतेय, सकाळी निघेन,” एवढं पुरे. संध्याकाळी सहाला हा फोन झाला असता, तर रात्री अकराला इंजिनाचा आवाज ऐकून गाव काठ्या घेऊन नव्हे, ट्रॅक्टर घेऊन आलं असतं. व्हिडिओंमधला लपण्याचा सल्ला आपल्याकडे इथेच उलटा पडतो. गावाला तुम्ही दिसणारच असता. आधी कळायचं की नंतर सापडायचं, एवढंच तुमच्या हातात असतं.

भाचीचं मत वेगळं आहे. मावशीने एकटीने जाऊच नये, जायचं तर हॉटेलात राहावं, असं ती म्हणते. मला ते टोकाचं वाटतं. त्या रात्री बाईंना त्रास झाला तो एकटेपणामुळे कमी आणि जागा, चिखल व थाप या तिघांच्या जुळणीमुळे जास्त. चौघी असत्या तरी गाडी रुतलीच असती आणि गाव आलंच असतं.

खरा न सुटलेला मुद्दा त्या थापेचा आहे. एकट्या बाईने भेटेल त्या माणसाला एकटी आहे म्हणून सांगावं का? पोलीस पाटील म्हणतात, सांगावं. गावाला खरं सांगितलं की गाव जबाबदारी घेतं. बाईंनी आता वेगळी रीत धरली आहे. त्या पडताळता येईल असं खोटं बोलत नाहीत आणि विचारल्याशिवाय खरंही सांगत नाहीत. “भाचीला लोकेशन पाठवलंय, पोलीस पाटलांशी बोललेय, सकाळी निघणार,” एवढंच सांगतात. तिन्ही गोष्टी खऱ्या, आणि ऐकणाऱ्याला कळतं की या बाईची कुणीतरी वाट बघतंय. पोलीस पाटलांना हे अजून पटलेलं नाही; बाई आमच्यावर विश्वास टाकत नाहीत, अशी त्यांची तक्रार. यात मी बाईंच्या बाजूने आहे. पाटलांवर अनोळखी गावाच्या शिवारात एकटीने रात्र काढायची वेळ कधी आलेली नाही.